आईनं आज बोटांनी चित्र पाहिलं

मंडळी, आज दुपारचा प्रसंग तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

काचबिंदूनं आईची नजर गेली, तेव्हापासून ती घराबाहेर पडायचंच टाळते. आज मी हट्टानं तिला वर्ध्यातल्या जुन्या कलादालनात नेलं. ऑटोत बसेपर्यंत तिचं एकच चाललं होतं, "मले दिसत नाई, मी तिथं येऊन काय करू?"

आत गेल्यावर मी एकेका चित्राचं वर्णन करत होते. ती नुसती "हो, हो" म्हणायची. उगाच आणलं हिला, असं वाटायला लागलं.

देखरेखीला असलेल्या ताई आमच्याकडे पाहत होत्या. त्या ऑफिसात जाऊन कलादालनाच्या साहेबांना विचारून आल्या आणि आईचा हात धरून म्हणाल्या, "काकू, याले हात लावून पाहा. साहेबांनी हो म्हटलं."

समोर लाकडात कोरलेलं मोठं चित्र होतं. आईची बोटं त्यावरून हळूहळू फिरली आणि ती एकदम हसली.

"अवं पोरी, ही तं कापूस वेचून राह्यली! कापसानं ओटी भरली पाह्य तिची. अन् पाठीवर लेकरू झोपलं हाये."

झोपलेलं लेकरू मला दिसलंच नव्हतं. कितीतरी दिवसांनी आई मला काहीतरी दाखवत होती.

निघताना ताई म्हणाल्या, हात लावता येतील अशा आणखी वस्तू वेगळ्या मांडण्याबद्दल त्या साहेबांशी बोलणार आहेत. बाहेर कडुनिंबाखाली चहा पिताना आईनं विचारलं, "आता कुठं नेतं मले?"

सांगा बरं, कुठं नेऊ?