खाडीवरचा नाखवा

आधी एक सांगून टाकतो. मी केमिस्ट्रीचा माणूस आहे. अमावस्येला नखं कापतो, मांजर आडवं गेलं तर त्याला पारले बिस्किट टाकतो. अशा गोष्टी इथे वाचताना मी आजवर हसतच आलोय. त्यामुळे तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही… फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी मूळचा अकोल्याचा. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. बोईसरला पश्चिमेला वन रूम किचन, भाड्याचं. लग्न केलं नाही, आई-वडील गेले, बहीण बडोद्याला. सुट्टीच्या दिवशी दुधवाल्याशी दोन शब्द झाले तर झाले, नाहीतर संध्याकाळपर्यंत आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. या गावात माझ्यासारखे खूप आहेत. सगळे कुठूनतरी आलेले, कुणीच कुणाचं नाही.

त्यातून मी हा खेळ सुरू केला. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — चार माणसं टेबलाभोवती बसून मिळून एक गोष्ट रचतात. एक जण गेम मास्टर, तो जग उभं करतो. बाकीचे त्या जगातले योद्धे, जादूगार वगैरे होतात. वाटेत भेटणारी उरलेली सगळी माणसं — राजा, चोर, खानावळवाली — गेम मास्टरने बोलायची. त्यांना एनपीसी म्हणतात. काय घडणार ते फासे टाकून ठरतं. आमच्यात गेम मास्टर मी. खेळायला ऋचा, एका शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी, आणि राकेश, आमच्याच कंपनीतला इलेक्ट्रिशियन, जौनपूरचा. दर रविवारी दुपारी माझ्या खोलीवर.

आमच्या जगाचं नाव होतं सात खाड्यांचं राज्य. एकदा दोघांना खाडी ओलांडायची होती. ऋचाने विचारलं, "होडीवर कोण आहे?" मी काहीच ठरवलेलं नव्हतं. तोंडात आलं ते बोललो… आणि तो नाखवा आला.

आला, असंच म्हणेन. बाकीची पात्रं मी ओढून आणायचो. हा आपसूक यायचा. आवाज जरा खाली जायचा, बोलणं इकडच्या किनाऱ्यासारखं व्हायचं — हाय, नाय, आमी, तुमी. बोलताना माझा हात डाव्या कानाच्या पाळीवर जायचा आणि ती चिमटीत धरायचा. ही लकब मी ठरवलेली नव्हती. त्याच्या होडीचं नाव धाकटी. का, ते मलाही माहीत नव्हतं. ऋचा म्हणायची, "चला नाखवा, उतरा, आमच्याबरोबर जेवा." तो म्हणायचा, "मला उतरता येत नाय, पोरी. तुमी जा, सांभालून जा."

राजे-महाराजे राहिले बाजूला, या दोघांना तोच हवा असायचा. राकेश तर दारातूनच विचारायचा, "आज अपना नाववाला है ना?"

आणि मला? खरं सांगायचं तर आठवड्यातल्या बाकीच्या दिवशीही तो असायचा. भात लावताना मी मोठ्याने काहीतरी बोलायचो आणि उत्तर त्याच्या आवाजात द्यायचो. आज मीठ जास्त पडलं रे. — पडू दे, खाऱ्या पान्यातला मानूस मी. हे वेड वाटेल. पण एकट्या राहणाऱ्याला विचारून बघा.

दोनेक वर्षं असं चाललं. मग आमच्या लॅबमध्ये हेमंत आला. पंचविशीतला, अबोल, दातिवऱ्याचा. सफाळ्याहून गाडी पकडून यायचा. त्याला खेळाबद्दल कुतूहल होतं. म्हटलं ये रविवारी, नुसता बस.

तो कोपऱ्यात खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने खाडी लागली आणि नाखवा बोलायला लागला. चार वाक्यं झाली असतील. हेमंत उठून उभा राहिला.

"सर, तुम्ही कान का धरलाय?"

"सवय रे. या पात्राची."

"कोणी सांगितलं तुम्हाला माझ्या बाबांबद्दल?"

ऋचा हसली, तिला वाटलं तोही खेळतोय. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या वडिलांच्या कानाची डावी पाळी लहानपणी गळ अडकून फाटली होती. बोलताना ते ती धरायचे. आणि त्यांच्या होडीला ते धाकटी म्हणायचे. ती होडी विकावी लागली, मग ते गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेले. बोट परत आली, ते आले नाहीत. कोणी म्हणालं पडले, कोणी म्हणालं दुसऱ्या बंदरात उतरून गेले. काही सापडलं नाही. मी बोईसरला यायच्याही आधीची ही गोष्ट. दातिवरे मी तोवर पाहिलंही नव्हतं.

"योगायोग आहे," मी म्हणालो. हेमंतने मान हलवली आणि चप्पल घालून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये तो माझ्याजवळ आला. "सर, रविवारी आईला आणू?"

"अरे, खेळ आहे तो. मी मनाने रचतो सगळं. त्यांना कशाला त्रास?"

"माहितीय. पण मी घरी बोलून बसलो. ती अजून कुंकू लावते सर. गावातले म्हणतात दिवस घाला, मोकळे व्हा. ती म्हणते, मेले असं कोणी पाहिलंय?"

मला नाही म्हणता आलं नाही.

त्या रविवारी ऋचा-राकेशला मी येऊ नका म्हणून कळवलं. हेमंतची आई आली. यमुनाबाई. सुके बोंबील आणले होते पिशवीतून. प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या, टेबलावरचा नकाशा पाहिला, वीस बाजूंचा फासा उचलून परत ठेवला. मग माझ्याकडे निरखून बघत राहिल्या.

"ह्यो तर जरा पन दिसत नाय त्यांच्यासारका," त्या हेमंतला म्हणाल्या.

"बाई, मी खरं सांगतो," मी म्हणालो, "हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे. मला तुमच्या मालकांबद्दल काही माहीत नाही. तुम्ही यावर विश्वास ठेवू नका."

"नाय ठेवत. तुमी बोला. मी बसली हाय."

मी नेहमीसारखी सुरुवात केली. धुकं आहे… खाडीचं पाणी शांत आहे… होडी काठाला लागलीय… आणि थांबलो. तो येईना. एरवी तर न बोलावता यायचा. मला सुटल्यासारखंच वाटलं. आता सांगावं की जमत नाही, चहा करावा, त्यांना स्टेशनवर सोडून यावं…

तेवढ्यात यमुनाबाईंनी पदर सारखा केला. माझा हात कानावर गेला होता. मला कळलंही नव्हतं.

त्यांनी काही खूण विचारली नाही, पुरावा मागितला नाही. जिवंत हाय का, तेही नाही. एवढंच विचारलं —

"थंडी वाजते का वो?"

आणि मी — म्हणजे माझ्या तोंडून — "आता नाय वाजत, थोरले."

'थोरले' हा शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटलेला नाही. हेमंतने आईकडे पाहिलं. त्यालाही तो माहीत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. यमुनाबाईंनी माझ्या कानावरच्या हाताकडे पाहिलं. म्हणाल्या,

"बरं… मंग निघा तुमी."

माझ्या हातातून कान सुटला. छातीतून काहीतरी उतरून गेल्यासारखं झालं आणि मला रडू फुटलं. त्या नाही रडल्या. उठल्या, मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि मलाच तांब्यातून पाणी दिलं.

"लगीन झालं तवा म्हनाले, होडी धाकटी, तू थोरली," त्या पोराला सांगत होत्या. "कोनासमोर नाय म्हनायचे. त्या वर्साला थंडीत गेले. स्वेटर खुंटीलाच रायला."

काही दिवसांनी हेमंत कामावर आला तो डोकं भादरून. देह नव्हता म्हणून पुतळा करून वडिलांची क्रिया केली होती. "तेराव्याला याल का सर? आईने बोलावलंय."

मी गेलो. दातिवऱ्याला पहिल्यांदाच. मांडवात पुरुष माणसं बसली होती, मी मागे चप्पलांजवळ टेकलो. जो तो त्याच्याबद्दल काहीबाही सांगत होता. जाळं कसं टाकायचा, कुणाशी भांडला, नाचायला कसा उभा राहायचा. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आणि मला जे माहीत होतं ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. दोन वर्षं ज्याच्याशी रोज बोललो, त्याच्या मांडवात मी अनोळखी माणूस.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "तुमी कोन? तुमची नि त्याची वलख कुटली?"

"दोस्त होता," म्हणालो.

"मंग मागं काय बसता? पुडं या," म्हणत त्याने मला दंडाला धरून पुढे नेलं. पुढे यमुनाबाईंनी मला पाहिलं. कपाळ मोकळं होतं. त्यांनी मान हलवली, बस्स.

याचं उत्तर मी खूप शोधलं. बोईसरच्या मासळी बाजारात कुणाकडून तरी ऐकलं असेल, मेंदूने जपून ठेवलं असेल… पण जो शब्द नवरा-बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, तो बाजारात कोण बोलेल? कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मला सुचत नाही.

खेळ अजून चालतो. खाडी आली की ऋचा आणि राकेश गप्प होतात, कारण तो आवाज नंतर कधी आला नाही. मी प्रयत्न केला. माझाच आवाज निघतो, अकोल्याचा. आता तिथे दुसरा नावाडी ठेवलाय. चांगला आहे. पार नेऊन सोडतो, कटकट करत नाही. पण भात लावताना त्याच्याशी काय बोलावं ते मला कळत नाही.