मला मोकळं करा

आमच्या चौसाळ्याच्या दुकानात जुन्या लाकडी फर्निचरचा रंग काढण्याला 'मोकळं करणं' म्हणतात. गिऱ्हाईक टेम्पोतून कपाट उतरवतं आणि सांगतं, एवढं मोकळं करून द्या. खाली सागवान असतं, त्यावर लाखेचं जुनं पॉलिश आणि त्याच्यावर ऑइलपेंटचे थर, हिरवा, मग आकाशी, मग चॉकलेटी. घरात लग्न निघालं की भिंतींबरोबर कपाटही रंगवायचं, ही आमच्याकडची हौस. रंग खरवडता खरवडता त्या घरात किती बार उडाले ते मी सांगू शकते.

मी अंबाजोगाईला नर्सिंग शिकले आणि लग्न होऊन इथं आले. दुकानात सासरे, नवरा आणि मी. माझा हात हलका म्हणून नक्षीतला रंग काढायचं काम माझ्याकडे आलं. एकदा कौतुक झालं आणि मी अडकले. पत्र्याची शेड, धुळीसाठी अर्धं ओढलेलं शटर, तोंडाला ओढणी आणि तरी रंग काढायच्या औषधाचा वास डोक्यात. औषध लावायचं, रंगाला फुगे आले की पत्तीनं उचलायचा, खालचं लाकूड ओरबाडायचं नाही. शटरखालून हायवेवरच्या गाड्यांची नुसती चाकं दिसायची. मला त्या चाकांचासुद्धा राग यायचा.

गेल्या वर्षी अंबाजोगाईच्या एका खासगी दवाखान्यानं मला नोकरीला घेतलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. नवरा म्हणाला, आधी हातातला पलंग होऊ दे. पलंगामागे खुर्च्या उभ्या होत्याच. शनिवारी जेवताना माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला मोकळं करा."

दुकानातलाच शब्द, तोंडात बसलेला. पण तो लाकडाला लावला तर रंग उतरतो, बाईनं स्वतःला लावला तर काडीमोड होतो. सासूबाईंचा घास हातातच राहिला. नवरा ताटावरून उठला. मी दुकानातल्या अर्थानं म्हणाले, नोकरीसाठी म्हणाले, असं सांगत राहिले, पण कुणी ऐकेना.

रविवारी उमापूरहून माझे वडील चुलत्यांना घेऊन आले. बैठक बसली. सासऱ्यांनी विचारलं, आमचं काय चुकलं ते तरी कळू द्या. सासूबाई रडत होत्या, आणि त्यांचं रडणं खरं होतं, त्यामुळे मला बोलणं जास्तच अवघड झालं. शेवटी वडील म्हणाले, "बाई, तुला नांदायचंय का न्हाई, एवढंच सांग."

"नांदायचंय," मी म्हणाले. तेही खरंच होतं. पुढचं 'पण' तोंडातून निघेपर्यंत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि चुलते नवऱ्याच्या पाठीवर थाप मारत होते.

निघताना वडिलांनी मला बाजूला घेतलं. "आता पुन्यांदा कायबी मागू नको, माय. लई सांभाळून घेतलंय त्यांनी." नोकरीचं मी त्यांना आधीच फोनवर सांगितलं होतं. ते त्यांच्या लक्षात होतं, तोंडावरून कळत होतं. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

सोमवारी दवाखान्याचा फोन आला तेव्हा मी खुर्चीच्या पायाशी बसले होते, हातात रबरी मोजे. फोन सासूबाईंनी उचलला. "ती कामात हाय," त्या गोड आवाजात म्हणाल्या, आणि फोन ठेवून माझ्यासाठी चहा टाकायला गेल्या.