चौकटी, चाक आणि पप्पांचा उजवा हात

तो कार्यक्रम आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला लागायचा, आणि पाच महिने रोज बघूनही त्याचे नियम मला नीट कळले नव्हते. एका मोठ्या फळ्यावर रिकाम्या चौकटी असायच्या, त्यांत दोन-तीन शब्द लपवलेले. तीन स्पर्धक पाळीपाळीने एक भलंमोठं चाक फिरवायचे. चाक ज्या आकड्यावर थांबेल तेवढे गुण, मग एक अक्षर मागायचं. अक्षर शब्दात असेल तर त्याची चौकट उघडायची आणि पुन्हा चाक फिरवायला मिळायचं, नसेल तर पाळी पुढच्याकडे. इथपर्यंत ठीक. पण काना, मात्रा, वेलांटी फुकट मिळत नसत, त्या साठवलेले गुण मोडून विकत घ्याव्या लागत. शिवाय चाकावर एक काळी फाक होती, तिच्यावर काटा आला की आतापर्यंतचे सगळे गुण साफ. जोडाक्षराला एक चौकट की दोन, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. बहुतेक कार्यक्रमवाल्यांचंही झालं नसावं, कारण ते रोज वेगळं करायचे.

आईचा तर या प्रकाराला उघड विरोध होता. "त्या बाईला उत्तर येतंय ना? तोंडावर दिसतंय तिच्या. मग सांगून मोकळी का होत नाही?"

"गुण वाढवतेय," मी म्हणायचे.

"आणि काळ्यावर गेलं तर?"

"तर सगळे गेले."

"मग मूर्खच आहे ती," आई म्हणायची, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच विचारायची. मी चिडायचे. त्या दिवसांत मी कशावरही चिडायचे.

हौस म्हणून आम्ही तो कार्यक्रम बघत नव्हतो. माझे वडील, पप्पा, उल्हासनगरच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बनवायची आणि त्यावरून लग्नपत्रिका, बिलबुकं, मयताची पत्रं छापायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. त्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांना लकवा आला. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आणि आवाज यायचा पण त्यातून शब्द होत नव्हता. उजवा हात खांद्यापासून हलायचा, पण बोटांत पकड राहिली नव्हती. हातात पेन्सिल दिली की ती खाली पडायची. मान हलवून हो-नाही करून घ्यावं म्हटलं, तर मान आपली सारखी डुलायचीच. मी एकदा वैतागून विचारलं, "पप्पा, तुम्ही हत्ती आहात का?" त्यालाही मान डुलली. मी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

आम्हाला एवढंच हवं होतं, की कुणीतरी सांगावं, पप्पा आत आहेत की नाहीत. आमचं बोलणं त्यांना कळतंय की नाही. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. कानावर शब्द पडू द्या." माझी अक्कल अशी, की अक्षरांचा माणूस आहे तर अक्षरांचाच कार्यक्रम लावावा. म्हणून हेंद्रेपाड्याच्या आमच्या दीड खोलीत त्यांची खाट टीव्हीसमोर आली, आणि साडेसातला मी अंबरनाथहून कामावरून परत आले की आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून चाक बघायचो.

मी काम काय करायचे, तेही सांगून टाकते. डीटीपी. कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाइप करायचे. पप्पा चार तास उभे राहून जी पत्रिका जुळवायचे ती मी चार मिनिटांत काढायचे, आणि हे मी त्यांना त्यांच्या तोंडावर सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, "काढ की. कोण नको म्हणतंय?"

कार्यक्रम सुरू झाला की पप्पांचा उजवा हात सुरू व्हायचा. चादरीवर इकडे टेकायचा, तिकडे टेकायचा, वर ओढ घ्यायचा, पुन्हा खाली. आम्हाला वाटायचं त्यांना आवडतंय. मग वाटायचं, त्रास होतोय. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, झटके असतात, मनावर घेऊ नका.

तो हात मोकळा नव्हता, हे मी अजून सांगितलं नाही. हॉस्पिटलात त्या हाताला अडकून नाकातली नळी दोनदा निघाली होती, तेव्हा आयाबाईंनी हात पलंगाला बांधला. घरी आणल्यावर आईने आपल्या जुन्या साडीची पट्टी फाडून तसाच बांधला. मनगटाला एक टोक, खाटेच्या दांडीला दुसरं, मध्ये वीतभर ढील. पुढे नळी निघाली. पट्टी काढायच्या दिवशीच पप्पांचा हात लागून गरम पेजेची वाटी त्यांच्या छातीवर सांडली, आणि आईने घाबरून पुन्हा गाठ मारली. त्यानंतर ती सोडायची असते हेच आम्ही विसरलो.

हिवाळ्यात एका संध्याकाळी काका आले. हे छापखान्यात पप्पांच्या शेजारी उभं राहून खिळे जुळवणारे, अंबरनाथला राहणारे. छापखान्याच्या शेठने सगळे खिळे भंगारात काढले होते आणि काका आता दिवसभर मोकळे होते. "जय भीम, वहिनी," म्हणून ते आत आले, पप्पांच्या पायाला हात लावून खुर्चीत बसले, आणि आईने चहा ठेवला. साडेसात वाजले होते. मी नेमाप्रमाणे टीव्ही लावला, कारण पाहुण्याशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

काकांनी टीव्हीकडे बघितलंच नाही. त्यांचा चहा निवला. ते पप्पांच्या हाताकडे बघत होते.

"हा हात असाच हलतो?"

"कार्यक्रम लागला की हलतो," मी म्हटलं. "झटके आहेत ते, काका."

"झटके कसले डोंबलाचे! जुळवतोय तो."

मला काही कळेना. काकांनी खुर्ची पुढे ओढली. "अगं, केस असते ना आमची, खणांची. कोणत्या खणात कोणतं अक्षर ते ठरलेलं. जे जास्त लागतं ते हाताशी, कमी लागतं ते लांब कोपऱ्यात. डोळे बांधले तरी हात बरोबर जातो. हे बघ, हा टेकला ना, पोटाजवळ, हा काना. सगळ्यात जास्त लागतो, म्हणून सगळ्यात जवळ. आणि हा डावीकडे, त."

पप्पा आत होते, आणि नुसते आत नव्हते तर चक्क कोडं सोडवत होते! मी पेपर ओढला, त्याच्या कडेला लिहायला लागले. टीव्हीवर विषय होता 'घरातली वस्तू', दोन शब्द. काका पप्पांच्या हातावर नजर ठेवून सांगत होते आणि मी एक डोळा फळ्यावर ठेवून उतरवत होते.

"पहिल्या अक्षराला हात वर जातोय आणि अडकतोय, ते कळत नाही. मग काना. मग त. थांबला, म्हणजे शब्द संपला. आता स. त्याला काना आणि मात्रा. मग परत वर जातोय, परत अडकला. मग काना."

मी काय लिहिलं होतं? एक रिकामी जागा, काना, त. मग सो, एक रिकामी जागा, काना. भात? दात? रात? सात सोळा? घरातली वस्तू सात सोळा कशी असेल? फळ्यावर तर पहिल्या शब्दात र उघडला होता आणि त कुठेच नव्हता. पप्पांनी तेच पुन्हा जुळवलं. तिसऱ्यांदा जुळवलं. फळ्यावरचं कोडं बदललं, विषय बदलला, तरी पप्पांचं तेच.

"चुकतंय त्यांचं," मी म्हणाले. त्यांच्यासमोर, मोठ्याने.

काकांचा चेहरा पडला. "असेल बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "मेंदूलाच मार बसलाय शेवटी. जुनी सवय हाताला, दुसरं काय."

मी पेन खाली ठेवलं. क्षणभरापूर्वी मिळालेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा हरवला होता, आणि मला त्या चाक फिरवणाऱ्या बाईचा भयंकर राग आला.

आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभी होती. तिला त्या कार्यक्रमातलं काही कळत नव्हतं, ना चाक, ना गुण. ती म्हणाली, "पण ते त्या टीव्हीतल्या बाईला कशाला उत्तर देतील? त्यांचा काय संबंध तिच्याशी? आपल्याशी बोलत असतील."

ती पुढे आली, पेपरच्या कडेचं माझं अक्षर तिने वाचलं, ओठ हलवत, सातवीपर्यंत शिकलेली बाई वाचते तसं. मग तिने पप्पांच्या मनगटाकडे बघितलं. ज्या अक्षरांना हात अडकत होता, तो कशाने अडकत होता, ते तिला दिसलं.

"हात सोडा म्हणतायत," ती म्हणाली.

कार्यक्रम लागला की हात का हलायचा, ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघी त्यांच्यासमोर फक्त तेव्हाच बसायचो. बाकी दिवसभर त्यांच्यासमोर वाचायला कुणी नव्हतंच. पाच महिने ते आम्हाला एकच गोष्ट सांगत होते आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून फळा बघत होतो. मला इतकी लाज वाटली की मी उठून गाठ सोडायलाही गेले नाही.

आईने सोडली. गाठ घट्ट बसली होती, तिने दातांनी ओढली. मनगटाभोवती पांढरट वळ होता. पप्पांनी हात वर नेला, लांब, डावीकडच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे नुसता ठेवला. मग खाली आणला आणि हळूहळू जुळवायला लागले. काका मोठ्याने वाचत होते, आता एकही अक्षर गळत नव्हतं.

"किती महिने," काकांनी वाचलं.

"पाच," मी म्हणाले. "पाच महिने झाले, पप्पा."

त्यांनी डोळे मिटले. आई खाटेच्या कडेला बसून त्यांचं मनगट चोळत होती, आणि एकदम लहान मुलीसारखं तोंड करून म्हणाली, "मला पण विचारा ना काहीतरी. अहो, मला पण विचारा."

पप्पांचा हात तिच्या हातातून निघाला आणि चादरीवर गेला. काकांनी वाचलं, आणि वाचून झाल्यावर ते टीव्हीकडे बघायला लागले, म्हणून मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, काय म्हणाले.

"जेवलीस का, विचारतोय."

"नाही," आई म्हणाली. "सकाळपासून नाही."

मला वाटत होतं, ती दुपारी जेवते.