श्रीपती मखरे आणि न आलेली पोच

दि. ७ फेब्रुवारी १९९९, रविवार. या एका दिवशी संघाच्या फोनवरून पुण्याला झालेल्या एसटीडीचा खर्च १,१८४ रुपये ४० पैसे. तोही रविवारचा निम्मा दर धरून. बारामतीत तेव्हा इंटरनेटचा स्थानिक नंबर नव्हता, पुण्याचाच फिरवावा लागे. व्हाउचर माझ्या टेबलावर आले तेव्हा तपशिलात श्रीपती मखरे यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'प्रोग्रॅम उतरवून घेणे. काम अपूर्ण.'

अपूर्ण कामाचे व्हाउचर मी सहसा पास करत नाही. हे केले, कारण त्या दिवशी मी ऑफिसात होतो आणि काय झाले ते पाहिले होते.

आमचा संघ द्राक्ष बागायतदारांचा. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या सभासदांचा माल निवडून, थंड करून, हॉलंडला पाठवायचा. मुंबईचा एक एजंट कंटेनर आणि जहाजाची व्यवस्था बघतो. त्याच्याशी आणि हॉलंडच्या व्यापाऱ्याशी जो काही पत्रव्यवहार होई, तो मखरे करीत.

मखरे मूळचे इंदापूर तालुक्यातले. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी ते पंधरा वर्षांचे होते. घरात शिकणारे ते पहिले. मॅट्रिक होऊन मुंबईला गेले, टायपिंग शिकले आणि कापसाच्या एका दलालाकडे टेलेक्सवर बसले. तिथे शेजारच्या टेबलावरच्या माणसाची नोकरी एका संदेशापायी गेली. तो शपथेवर सांगत होता की संदेश पाठवला, पण समोर पोचल्याचा पुरावा त्याच्याकडे नव्हता. मखरे ही गोष्ट दर वर्षी एकदा तरी सांगत आणि सांगताना खुर्चीतून उठत.

टेलेक्सवर मजकूर संपला की समोरच्या यंत्राला खूण विचारता येते. ते यंत्र आपोआप स्वतःचे नाव छापून देते. याला मखरे पोच म्हणत. पोच आली नाही तर संदेश गेलाच नाही असे धरायचे, नवा क्रमांक घालायचा आणि सगळा मजकूर पुन्हा पाठवायचा. तिथे तशीच शिस्त होती. संघात १९८३ साली आले तेव्हा ही शिस्त घेऊनच आले. त्यांच्या पत्नी पुतळाबाई एकदा हळदीकुंकवाला आमच्या घरी आल्या होत्या. त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, "भाजीला धाडलं तर दुकानातनं फोन करून सांगत्यात, पोचलो म्हणून. आता हिरवी मिरची घेतल्याची पण पोच देत्याल बगा."

टेलेक्स गेले, कॉम्प्युटर आला. मखऱ्यांनी कुरकुर केली नाही. ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय त्यांना सापडली. समोरच्याने पत्र उघडले की आपल्याकडे तसा निरोप येतो. त्यांनी ती सोय चालू केली आणि त्यांना झोप लागू लागली. आलेली प्रत्येक पोच ते छापून मूळ पत्राला टाचणीने लावीत. कागद फार जातो, असे मी दोनदा लिहून कळवले. त्याचीही त्यांनी मला पोच दिली.

जानेवारीत एजंटाच्या ऑफिसने आपला प्रोग्रॅम बदलला. तेव्हापासून त्यांची पत्रे आमच्याकडे नुसत्या खुणा आणि आकड्यांच्या ओळी होऊन येऊ लागली. मखऱ्यांनी फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "अंकल, तुमचं व्हर्जन फार जुनं आहे. अपडेट करून घ्या ना."

"जुनं कसं? मागच्या वर्षी तर घातलंय."

"तेच म्हणतेय मी. मागच्या वर्षीचं."

ब्राउझर आणि ईमेल एकाच गाठोड्यात बांधलेले होते. एक हवे तर दुसरेही घ्या. त्या रविवारी सकाळी मखऱ्यांनी फोन जोडला. मोडेम किंचाळून गप्प झाला आणि पडद्यावर एक निळी पट्टी इंचाइंचाने भरू लागली. मखरे बसेनात. व्हरांड्यात जायचे, परत यायचे, मला टक्केवारी सांगायचे.

"भाऊसाहेब, बावीस."

"बरं."

"भाऊसाहेब, अजून तेवीसच."

एक्याण्णव टक्क्यांवर असताना संघाचे अध्यक्ष हिंदुराव आबा आले. रविवार असूनही आले, कारण त्यांना व्याह्यांना फोन करायचा होता. ते थेट केबिनमध्ये गेले आणि त्यांनी त्याच लाइनीवरचा दुसरा फोन उचलला.

"आयला, फोनात भुंगा शिरलाय का काय?"

"आबा, ठेवा! ठेवा खाली!"

"काय ठेवू?"

"रिसीव्हर!"

पट्टी नाहीशी झाली. आबा बाहेर आले, पडद्याकडे बघितले. "मग राहिलेलं नऊ टक्के आणा की. पुरं कशाला आणताय?"

"तशी सोय नाही आबा. पहिल्यापासून."

"म्हंजी बादली दारात सांडली तर पुन्हा विहिरीवर?"

"व्हय."

दुपारी पुन्हा जोडले, तर साठ टक्क्यांना वीज गेली. तिसऱ्या वेळी पुण्याचा नंबर लागलाच नाही. संध्याकाळी मखऱ्यांनी व्हाउचर लिहिले ते हे.

पुढच्या आठवड्यात गावातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडून त्यांनी एक सीडी मिळवली. त्यातली आवृत्ती आम्हाला हवी होती त्याहूनही नवी निघाली. ती आमच्या मशीनला झेपेना. पंखा घरघरे आणि पडदा थिजून राही. शिवाय दर पायरीला प्रश्न. हे ठेवू का, ते काढू का, पुढे जाऊ का.

"हे मला विचारतंय," मखरे म्हणाले, "मी कुणाला विचारू?"

शेवटी एकदाचे बसले. बटणांच्या जागा बदलल्या होत्या, पत्त्यांची यादी रिकामी झाली होती. ती त्यांनी जुन्या छापील कागदांवरून पुन्हा भरली. एजंटाची पत्रे मात्र आता नीट वाचता येत होती. सगळ्यांनी समाधान मानले. पोचेची सोय नव्या आवृत्तीत आपोआप बंद झाली आहे आणि तिची खूण कुठल्या तरी आतल्या खिडकीत गेली आहे, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. पोच यायची ती पत्र गेल्यावर. आणि नव्या प्रोग्रॅममधून पत्र अजून गेलेच नव्हते.

हंगामातला पहिला कंटेनर गुरुवारी, २५ तारखेला हवा होता. निरवांगीच्या सिद्धूतात्या कोकरे यांचा परदेशी जाणारा हा पहिलाच माल. त्यांच्या वडिलांच्या हयातीपर्यंत घरात मेंढरे होती, बाग तात्यांनी लावली. गावच्या व्यापाऱ्याने दिलेला भाव त्यांनी नाकारला होता आणि सबंध गावाला ते माहीत होते. माल बुधवारी तोडायचा, रात्रभर थंड करायचा, गुरुवारी भरायचा. जहाज शनिवारचे. कंटेनर एक दिवस चुकला तर जहाज चुकणार आणि द्राक्षे वाट बघत बसत नाहीत. आबांनी मखऱ्यांना माझ्यासमोर सांगितले, "मागल्या साली पहिल्या मालाला कंटेनर आलाच न्हाय. एजंट म्हणाला, लेखी आलंच न्हाय. औंदा तसं झालं तर हे काम पुण्याच्या एजन्सीला. मग तुमी हितं कशाला, ते तुमीच सांगा."

मखऱ्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते.

सोमवारी सकाळी त्यांनी कंटेनरची मागणी पाठवली, क्रमांक ४१. पोच आली नाही. त्यांनी मुंबईला फोन लावला. एजंटाचे नंबर त्याच आठवड्यात बदलले होते. 'या क्रमांकात बदल झाला आहे' एवढे सांगून टेपवरची बाई थांबे, नवा क्रमांक सांगत नसे. फॅक्सही त्याच लाइनीवर होता. दुपारी मखऱ्यांनी मागणी पुन्हा पाठवली, क्रमांक ४२. पोच नाही. जेवणाचा डबा तसाच परत गेला. ऑफिस बंद व्हायच्या आधी क्रमांक ४३ गेला, वर 'तातडीचे' असे लिहून.

मंगळवारी पुण्याचा इंटरनेटचा नंबर दिवसभर व्यस्त. मखरे नंबर फिरवायचे, ठेवायचे, व्हरांड्यात जायचे. मी म्हटले, "बसा जरा." ते बसले आणि लगेच उठले. संध्याकाळी आबा आणि सिद्धूतात्या दोघेही आले. उद्या पहाटे बागेत बायका लावायच्या का नाही, ते आता ठरवायचे होते. एकदा घड देठापासून सुटला की तो परत लागत नाही.

"येतोय का कंटेनर?" आबांनी विचारले.

"पोच नाही आली आबा."

"पोच गेली खड्ड्यात. येतोय का न्हाय?"

सिद्धूतात्या आतापर्यंत दारातच उभे होते. ते आत आले. "मखरेसाहेब, तुमी धाडलंय न्हवं?"

"धाडलंय. तीनदा."

"मग मी तोडतो. तुमी तोड म्हणा, म्हंजी झालं."

मखऱ्यांनी एकदा पडद्याकडे बघितले. मग म्हणाले, "तोडा तात्या."

हे बोलणारे मखरे मला नवे होते. सोळा वर्षांत पोचेशिवाय त्यांनी कुणाला काही खात्रीने सांगितले नव्हते.

गुरुवारी मी पॅकहाऊसवर पोचलो तेव्हा मखरे फाटकाशी उभे होते. डोळे लाल, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. शीतगृहात पेट्या रचून तयार होत्या. दहाच्या सुमारास इंदापूर रस्त्याला वळणावर पांढरा कंटेनर दिसला. मखऱ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. सिद्धूतात्या टाळी वाजवून ओरडले, "आला रं आला!"

तो आत वळतो तोच मागे दुसरा दिसला.

"ह्यो कुणाचा?" तात्या म्हणाले.

दुसऱ्याच्या ड्रायव्हरने चिठ्ठी दाखवली. आमच्याच संघाचे नाव, मागणी क्रमांक ४२. मखऱ्यांचा चेहरा बघून मला पुढचे कळले. अर्ध्या तासाने तिसरा आला.

सिद्धूतात्यांना हसू आवरेना. "मखरेसाहेब, आमी नवरदेव मागवला हुता, तुमी वरात आणली की!"

आबा हसले नाहीत. "मखरे, ह्यो काय परकार?"

"पोच आली नाही आबा. म्हणून नवा क्रमांक घालून..."

"आता आली का पोच? का चौथ्याची वाट बगायची?"

मखरे खाली बघत होते. त्यांच्या हिशोबाने एकच मागणी तीनदा पाठवली होती. एजंटाच्या ऑफिसातल्या नव्या मुलांनी टेलेक्स कधी पाहिलेला नव्हता. तीन क्रमांक म्हणजे तीन कंटेनर, असा त्यांनी सरळ हिशोब केला. मलाही तो चुकीचा म्हणता येईना. खातेवहीत मीही तसाच केला असता.

पहिला कंटेनर भरला आणि वेळेवर निघाला. सिद्धूतात्यांचा माल जहाजावर चढला. दुसरा पणदरे गावच्या शनिवारी तोडायच्या मालासाठी, पुढच्या जहाजाकरता, थांबवून घेतला. तिसरा रिकामा परत गेला. त्याच्या जाण्यायेण्याचे ९,३०० रुपये एजंटाने संघाच्या नावे टाकले.

मार्चच्या सभेत आबांनी एजन्सीचा विषय काढला. मखरे कोपऱ्यात बसले होते. बोलायची पाळी आली तेव्हा उठले आणि एवढेच म्हणाले, "चूक माझी आहे. जुन्या कामाची सवय नव्या कामात घातली."

सिद्धूतात्यांनी हात वर केला. "आबा, एक इचारू? मागल्या साली पहिल्या मालाला किती कंटेनर आलं हुतं?"

"एक बी न्हाय."

"आन् औंदा?"

"तीन."

"मग मला तरी तीनच परवडलं. तुमची एजन्सी किती आणंल, त्ये सांगा."

सभेत हशा झाला. आबाही शेवटी हसले. ठराव असा झाला की मखऱ्यांनी निवृत्तीपर्यंत हेच काम बघावे. रिकाम्या कंटेनरचा खर्च निम्मा संघाने सोसावा आणि निम्मा, म्हणजे ४,६५० रुपये, त्यांच्या पगारातून दरमहा ४६५ प्रमाणे कापावा. सगळीच रक्कम कापा, असे मखरे म्हणाले. ते सभेने मान्य केले नाही.

पोचेची ती आतली खिडकी त्यांना एप्रिलमध्ये सापडली. त्यांनी सोय चालू केली, पण आता एजंटाच्या बाजूनेही काही बदलले असावे, कारण दहा पत्रांमागे तीनच पोचा येत. तेव्हापासून ते पत्र पाठवून लगेच नव्या नंबरवर फोन करीत. "४८ नंबर मिळाला का? तो ४७ चाच आहे हं, वेगळा नाही." तिकडची मुलगी म्हणे, "मिळाला अंकल, आणि तो ४७ चाच आहे." मग ते बसत. थोड्या वेळाने उठून पुन्हा विचारत.

पावसाळा संपता संपता पडद्यावर एक खिडकी यायला लागली. नवी आवृत्ती आली आहे, आत्ता घ्यायची का. मखरे रोज सकाळी 'नंतर' दाबत. दाबल्यावर हात चटका बसल्यासारखा मागे घेत. एक दिवस मी म्हटले, "एकदाची घेऊन टाका, रोजची कटकट जाईल." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी विषय बदलला.

३१ ऑक्टोबरला रविवार होता, म्हणून निरोप समारंभ शनिवारी केला. मखऱ्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि भाषण चालू असताना दोनदा उठून कॉम्प्युटर बंद केला आहे का ते बघून आले. आता ते इंदापूरला थोरल्या मुलाकडे असतात. काम पुण्याच्या एजन्सीकडे गेले आहे.

मार्च ते ऑक्टोबर असे आठ हप्ते कापले गेले. श्रीपती मखरे यांच्याकडून संघाला ९३० रुपये येणे आहे.