मीठ धरलेली रिळं

बंदरावर सगळे तिला ताई म्हणत. सख्खा धाकटा भाऊ मात्र तिला नुसतं ‘ए’ म्हणायचा. वडील गेल्यावर त्याने बोटी बळकावल्या आणि धक्क्यावरची दुरुस्तीची खोली तिच्या गळ्यात मारली, तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. त्याच्या बोटी हौशी लोकांना मासेमारीला नेत. गळाच्या दोरीची रिळं बिघडली की त्याला बहीण आठवायची.

त्या सकाळी त्याने रिळांची गोणी तिच्या टेबलावर आदळली.

“काल ऐन वेळी रीळ अडकलं, दोरी तुटली. गिऱ्हाइकासमोर माझं नाक कापलंस तू.”

ताईने रीळ उघडलं. आत मिठाचे खडे होते आणि ग्रीसचा चिखल झाला होता.

“बोट परतली की रिळं गोड्या पाण्याने धू, म्हणून सांगून माझी जीभ झिजली.”

“धुवायला तू आहेस ना. नाहीतरी बसूनच असतेस.”

ताईने एकेक करत सगळी रिळं खोलली. काम चाललंय असं समजून तो फोनमध्ये डोकं घालून बसला. मग तिने सगळ्या रिळांचे स्क्रू, स्प्रिंगा आणि चाकं त्याच गोणीत ओतली आणि गोणी त्याच्या मांडीवर ठेवली.

“हे काय?”

“तुझी रिळं. आता तू बस.”

तो वडिलांच्या नावाने शिव्या घालत निघून गेला. बोटीपाशी गिऱ्हाइकं त्याची वाट बघत उभी होती. ताईने त्याला परत बोलावलं नाही.