रांग पुसायची नाही

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला सगळी वस्ती मावशी म्हणते. पण मावशी या शब्दात जो लाडिकपणा गृहीत धरलेला असतो, तो तिच्या वागण्यात शोधून सापडत नाही. आईबापांशी ती जेवढ्यास तेवढे बोलते. मूल दाराशी आले की आधी त्याच्या कपाळाला हात लावते आणि मग आईकडे पाहते. कपाळ गरम लागले तर "आज घरी" एवढे दोनच शब्द ऐकू येतात. आईने साहेबाच्या रागाची आणि कापल्या जाणाऱ्या पगाराची कितीही रड सांगितली तरी तिसरा शब्द निघत नाही. आणि तरीही लोक आपली मुले तिच्याकडेच आणतात, कारण जी बाई एका आजारी मुलाला दारातून परत पाठवते ती आतल्या मुलांची राखण करते आहे, एवढा हिशेब दमलेल्या माणसालाही समजतो.

तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत हा उद्योग चालतो. समोरच्या खोलीत खेळ, मधल्या खोलीत पाळणे आणि गाद्या, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या तोंडाशी कमरेइतके उंच लाकडी फाटक आहे आणि त्याची कडी पलीकडच्या अंगाला, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी आहे. मावशींचे यजमान, म्हणजे मुलांचे काका, एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम होते. नोकरी सुटली, पण खांद्यावरचे ओले फडके सुटले नाही. टेबलावर डाग दिसला, फरशीवर थेंब दिसला, की त्यांचा हात आधी जातो आणि विचार मागाहून येतो. "आमच्या घरात माझ्या आधी यांचं फडकं जागं होतं," असे मावशी म्हणतात, आणि ते म्हणताना त्या हसत नाहीत.

अशा घरात मुंग्या शिरल्या. बारीक, तांबूस, साखरेवर टपलेल्या. मुंग्या कुणाच्याही घरात येतात आणि बहुतेक ठिकाणी किरकोळ त्रास म्हणून सोसल्या जातात. पण पाळण्यात झोपलेले मूल त्यांना झटकू शकत नाही. एका दुपारी सर्वांत धाकट्या बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळून मानेपर्यंत गेले. रांग पाळण्याच्या पायावरून वर चढली, आणि बाळ किंचाळून उठले तेव्हा त्याची डावी पापणी टम्म सुजलेली होती.

त्या बाळाची आई शहराच्या बसवर कंडक्टर आहे. ती पाळी संपवून गणवेशातच आली. तिकिटांची पिशवी अजून खांद्याला होती.

"मावशी, डोळा बघा त्याचा."

"बघितलाय. मीच धुतला. दूध पाजल्यावर मान पुसायची राहिली. चूक माझी आहे."

भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला कबुलीजबाब मिळाला की त्याची पंचाईत होते. कंडक्टरबाई अधिकच भडकली.

"चूक म्हटलं की सूज उतरते का? दिवसभर मी 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून घसा फोडते, तो याला इथं मुंग्यांच्या तोंडी देण्यासाठी?"

"नाही उतरत सूज. बरोबर आहे तुझं."

"माझी थोडी रजा शिल्लक आहे. तोवर मी याला घरी सांभाळते. रजा संपेपर्यंत घरातल्या मुंग्या गेल्या तर ठीक, नाहीतर मी दुसरीकडे बघेन."

दुसरीकडे म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे मूल सोडून सकाळची पहिली बस गाठणे तिला जमणार नव्हते, आणि हे दोघींनाही माहीत होते. मावशींपुढे आणखी एक गोष्ट स्पष्ट होती. कंडक्टरबाईला अर्धे शहर ओळखते. तिने मूल काढून नेले, तर बाकीच्या आया तिच्यामागून पाळणे रिकामे करतील आणि या तीन खोल्यांना कुलूप लागेल.

काकांनी ताबडतोब मोहीम उघडली. ते दिवसातून अनेकदा फिनेल टाकून फरशी पुसू लागले. रांग नाहीशी होई आणि तासाभरात विजेच्या बटणामागून पुन्हा उगवे.

"अगं, एक फवारा आणतो. एका दमात सफाया."

"आणि मग ती फरशी चाटणार कोण? तुम्ही?" मावशी म्हणाल्या. रांगणारे मूल जमिनीची ओळख जिभेने करून घेते, हे काकांनाही कबूल करावे लागले.

त्याच संध्याकाळी मावशींनी साखरेचा पाक केला, त्यात बोरिक पावडर मिसळली आणि कापसाचे बोळे भिजवले. एका जाड प्लास्टिकच्या डबीला तापवलेल्या सुईने बारीक भोके पाडली, बोळे आत ठेवले आणि झाकण स्क्रूने आवळून टाकले. काका हे सारे ओठ आवळून पाहत होते.

"म्हणजे आता त्यांना गोडधोड करून घालायचं?"

"त्यांच्या राणीला. ती भिंतीच्या आत बसलीय. तुमचं फडकं तिथं पोहोचत नाही. ह्या मुंग्या पोटातून नेतील आणि तिला भरवतील."

"आणि तोवर ह्यांना जिवंत सोडायचं?"

"अगदी सुखरूप घरी पोहोचवायचं."

उपाय बरोबर होता, पण मावशींच्या स्वभावाने त्यात घोटाळा केला. ही बाई कोणतेही काम हात राखून करत नाही, आणि म्हणून पावडरही तिने सढळ हाताने घातली. सकाळी डबीच्या भोवती मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता. उरलेल्या मुंग्या डबीपर्यंत येत, मिशा लावून चाचपत आणि माघारी फिरत.

"बघ, मेल्या की!" काका खूश झाले.

"दारातच मेल्या. घरी काहीच पोहोचलं नाही."

मावशी फाटकाशी बसून बराच वेळ त्या माघारी फिरणाऱ्या मुंग्यांकडे पाहत राहिल्या. तो नकार त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. कडू औषधाचा भरला चमचा एकदा तोंडात कोंबला, की ते मूल पुढे रिकामा चमचा पाहूनही दात घट्ट आवळते. तेच औषध मधात, जिभेला जाणवणार नाही इतके थोडे दिले, तर मूल दुसऱ्यांदा स्वतःहून तोंड उघडते. ज्या बाईने आयुष्यभर परक्या मुलांच्या तोंडात औषधे घातली, तिला हे नव्याने शिकण्याची गरज नव्हती. तिला स्वतःचाच राग आला.

"मीच चमचा कोंबला," त्या उठत म्हणाल्या, आणि त्यांनी पावडर अगदी चिमटीभर घालून नवा पाक करायला घेतला. नवी डबी त्यांनी सिंकखाली, भिंतीच्या फटीजवळ ठेवली.

सकाळी मुले येऊ लागली तेव्हा मावशींनी प्रत्येक आईला दारातच सांगितले: स्वयंपाकघरात विष ठेवले आहे, ते असे बंद आहे, फाटक दिवसभर लावलेले राहील, पाहायचे तर आत येऊन पाहा. काकांना हा आडमुठेपणा वाटला. विष हा शब्द तोंडातून काढायची गरजच काय होती? त्यांची भीती खरी ठरली. जुळ्यांच्या आईने दोन्ही मुलांना कडेवर घेतले आणि ती निघून गेली. दोन पाळणे रिकामे झाले. मावशींनी त्यांतली दुपटी घडी करून ठेवली आणि पुढच्या आईलाही तेच सांगितले.

या वेळी मुंग्या आल्या, खाल्ले आणि गेल्या. मग आणखी आल्या. फटीपासून डबीपर्यंत बोटभर रुंद तांबूस पट्टा वळवळू लागला. घरात एकच नियम झाला: रांग पुसायची नाही. हा नियम पाळताना काकांचे जे हाल झाले ते कोणत्याही व्यसनी माणसाने ओळखावेत असे होते. ते स्वयंपाकघरात जात, पाठ फिरवून पाणी पीत आणि बाहेर येत. आणि तरीही एका सकाळी, विचार पोहोचण्याआधी, त्यांचा हात फिरला. फरशी लख्ख झाली. दुपारपर्यंत वाट हरवलेल्या मुंग्या मधल्या खोलीत पाळण्याच्या पायाशी फिरताना दिसल्या.

मावशींनी आवाज चढवला नाही. काकांच्या खांद्यावरचे फडके काढून त्यांनी ते औषधांच्या कपाटावर, अगदी वर ठेवले.

"मग मी दिवसभर करू काय?"

"बाळं आहेत ना. त्यांच्या माना पुसा. त्यासाठी आयांनी मऊ रुमाल दिलेत."

वाट पुन्हा लागली, रांग पुन्हा दाट झाली. आणि ती सर्वांत दाट असताना एका दुपारी घंटा वाजली. काकांनी खिडकीतून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. कंडक्टरबाई बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"अगं, हिनं ही जत्रा बघितली तर संपलंच सगळं! एक हात फिरवतो. एकच." कुठून पैदा केले कोण जाणे, पण त्यांच्या हातात ओले फडके होतेच.

तपासणीच्या दिवशी चकचकीत होणाऱ्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिथे कुणी दुष्ट नसतो. संस्था टिकावी असेच प्रत्येकाला वाटत असते, आणि तेवढ्यासाठी कुणीतरी एकदा हात फिरवतो. मावशींनाही त्या क्षणी तो मोह पडला असला पाहिजे. फरशी स्वच्छ दिसली असती, आईने विश्वासाने मूल ठेवले असते, आणि वाट तुटलेल्या मुंग्या पुन्हा त्याच मुलाच्या पाळण्याकडे वळल्या असत्या.

"फडकं खाली ठेवा."

"अगं, पण—"

"ठेवा म्हणते ना."

मावशींनी दार उघडले, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि आईला म्हणाल्या, "बसू नकोस. आधी आत चल, दाखवायचंय."

फाटकापाशी येताच कंडक्टरबाई थबकली.

"मावशी, ह्या तर वाढल्यात!"

"वाढल्यात. मीच बोलावल्यात. त्या डबीत गोड विष आहे. ह्या ते आत नेताहेत."

तिने बाळाला घट्ट धरले. "मुलांच्या घरात विष?"

"हो. म्हणून तर आधी इकडे आणलं. मूल यांच्याकडे दे आणि ती डबी उचलून बघ."

कंडक्टरबाईने डबी उचलली, उलटी केली, झाकणाच्या कडेत नख घालून जोर लावला. झाकण हलले नाही. तिने फाटकही दोनदा हलवून पाहिले.

"जुळ्यांच्या आईनं मुलं नेली," मावशी म्हणाल्या. "तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तूही नेऊ शकतेस."

"पुसून टाकलं असतं, तर मला कळलंही नसतं."

"नसतंच कळलं."

"माझ्या हातात फडकं होतं हो!" काका बाळ सांभाळत कळवळून म्हणाले. "हिनंच—"

"काका, तुम्ही गप्प बसा," कंडक्टरबाई म्हणाली. मग मावशींकडे वळून, जरा नरमाईने: "हे बघा, मी कुणाला नुसत्या शब्दावर तिकिटाशिवाय सोडत नाही. माझी रजा संपेपर्यंत रोज येऊन बघणार. तोवर बाळ देणार नाही."

"देऊ नकोस. रोज ये."

ती रोज आली. घंटा वाजली की काका दार उघडत आणि ती चपला काढून थेट फाटकाशी जाई. एक दिवस पट्टा विरळ दिसला. नंतर मुंग्या संथ झाल्या, दोरा तुटल्यासारख्या अधेमधे थांबू लागल्या. मग फटीतून बाहेर येणाऱ्याच कमी झाल्या. मावशीही शेजारी येऊन उभ्या राहत. दोघी फाटकावर कोपरे टेकून, दूध उतू जाते की काय हे पाहावे तशा, नुसत्या पाहत राहत. तिसऱ्या माणसाला त्यांचे भांडण झाले आहे असे वाटले नसते, आणि समेट झाला आहे असेही नाही.

रजेच्या शेवटच्या दिवशी फरशीवर एकच मुंगी होती. ती डबीपासून निघाली होती, चार पावले चालून थबकत होती आणि पुन्हा फटीचा रोख धरत होती. काकांचा हात नकळत खांद्याकडे गेला. खांद्यावर काहीच नव्हते, तेव्हा त्यांनी सदऱ्याची बाहीच पुढे केली.

"काका, राहू द्या," कंडक्टरबाई म्हणाली. "जाऊ द्या तिला घरी."

मुंगी फटीत शिरली. मग कंडक्टरबाईने पिशवीतून दुधाची बाटली आणि दोन दुपटी काढली आणि फळीवर, पूर्वीच्याच जागी ठेवली.

"उद्या पहिली पाळी आहे माझी. उजाडायच्या आत आणीन."

मावशींनी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि मग त्याच्या आईकडे पाहिले.

"आण," त्या म्हणाल्या.