चिंचवाडीची बावीस मिनिटं

प्रेमानंद कळंबला राहायचे आणि धाराशिवच्या कोर्टात कारकून होते. अकरा वर्षं ते सकाळी साडेआठच्या जलद एसटीनं जात. कचेरी दहाची आणि गाडी पोचायची दहा वाजून दहा मिनिटांनी. त्या दहा मिनिटांवरून साहेब काही बोलत नसत, पण घड्याळाकडं बघत.

एका सोमवारी कचेरीतल्या रणधीरनं त्यांना आपल्या मोटारीतून नेलं. एक तास पाच मिनिटांत दोघं कोर्टाच्या फाटकात उतरले. रणधीर म्हणाला, जलद गाडी फक्त नावाला जलद, मोटारीसारखी सरळ ती कधीच जात नसते. हे बोलणं प्रेमानंदांच्या डोक्यात राहिलं. पुढचे पंधरा दिवस ते एसटीत घड्याळ घेऊन बसले. एसटीला पस्तीस मिनिटं जास्त लागत होती. त्यातली तेरा वाटेतल्या स्टँडवर जायची, ती टळण्यासारखी नव्हती. उरलेली बावीस एकट्या चिंचवाडीची. हमरस्ता सोडून गाडी तीन किलोमीटर आत जायची, पारापाशी वळायची आणि त्याच वाटेनं बाहेर यायची. चढणारी माणसं सात-आठ.

प्रेमानंदांनी अर्ज लिहिला, रोजच्या प्रवाशांच्या सह्या घेतल्या आणि आगारात दिला. दोन महिन्यांनी गाडी चिंचवाडीत जायची बंद झाली. फाट्यावर कुणी उभं असलं तर थांबे, नाहीतर सरळ. प्रेमानंद दहाच्या आत कचेरीत दिसू लागले.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी फाटा रिकामा होता, गाडीचा वेग कमी झाला नाही. खिडकीतून प्रेमानंदांना गावाच्या वाटेवर, दोनशे पावलांवर, एक बाई हात वर करून पळताना दिसली. पायातल्या चपला तिनं हातात घेतल्या होत्या. त्या नागूबाई होत्या. धाराशिवच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाकाला जात, आणि इतकी वर्षं चिंचवाडीच्या पारापाशी चढत. कंडक्टरची पाठ होती. प्रेमानंदांनी हाक मारली असती तर गाडी थांबली असती. त्यांनी मारली नाही. नऊ अठ्ठेचाळीसला ते पोचले, आणि दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागूबाई फाट्यावर वेळेआधी उभ्या होत्या. गाडीत चढल्या आणि नेमक्या प्रेमानंदांच्या शेजारी बसल्या.

"काल तुम्ही खिडकीशी होता," त्या म्हणाल्या. "मला बघितलंत."

"व्हय, बघितलं."

प्रेमानंदांना तेवढ्यावर थांबवेना. गाडी आत यायची बंद झाली ती आपल्याच अर्जानं, हे त्यांनी सांगून टाकलं. नागूबाई म्हणाल्या,

"मग आमच्या गावाचा अर्जबी तुम्हालाच लिहावा लागंल. आमच्यात तसं लिहिणारं कुणी न्हाय."

त्या रविवारी प्रेमानंद चिंचवाडीला गेले. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालले. ऊन होतं, अर्ध्या वाटेतच त्यांना दम लागला. पारावर बसून त्यांनी गावासाठी वेगळ्या गाडीची मागणी लिहिली, लोकांनी खाली सह्या आणि अंगठे केले.

वेगळी गाडी मिळाली नाही. दीड महिन्यानं उत्तर आलं, की सकाळची जलद पूर्वीसारखी चिंचवाडीतून जाईल, मात्र कळंबहून आठ वाजून दहाला सुटेल. संध्याकाळची चिंचवाडीत न जाता सरळ येईल. घरी प्रेमानंदांच्या पत्नी रोहिणीताईंना डबा वीस मिनिटं आधी करावा लागू लागला. त्यांनी एकदा कुरकुर केली, नंतर सवय झाली.

अर्जाचा उपयोग काय झाला, असं रणधीरनं विचारलं. प्रेमानंद म्हणाले, संध्याकाळी येताना गाडी मोटारीहून तेरा मिनिटंच मागं असते.

नागूबाई अजून त्याच गाडीनं जातात. शेजारची जागा रिकामी असली तर बसतात, नसली तर मागं जातात. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तेव्हा हाक का मारली नाही, हे प्रेमानंदांनीही त्यांना कधी सांगितलं नाही.